सूत्रधाराची लेखणी : रॉड सर्लिंग

आपल्या जुन्या नाटकांत नांदी आटोपली कीं सूत्रधार रंगभूमीवर येतो, नटीशीं चार शब्द बोलतो, आजचा प्रयोग कोणता तें रसिकांस सांगतो आणि पडद्याआड निघून जातो. पुढें सारें नाटक त्याच्याच तंत्रानें चाललेलें असतें; प्रेक्षक मात्र त्यास विसरून नायकनायिकांच्या सुखदुःखांत रमलेले असतात. दूरचित्रवाणीच्या व्यवसायांत हल्लीं ज्यास 'शोरनर' म्हणतात, तो मनुष्य याच जातीचा. कथा कोणती घ्यावयाची, ती कोणत्या भागांत कोठवर न्यावयाची, हाताखालच्या लेखकांपैकीं कोणी काय लिहावयाचें, नट कोण घ्यावयाचे, पैसा किती ओतावयाचा आणि अखेरीस कापून-जोडून सिद्ध झालेला भाग लोकांच्या घरांत जाण्याच्या योग्यतेचा झाला आहे कीं नाहीं, या सर्वांचा निवाडा त्याच्याकडे असतो. आमच्याकडील नाटक मंडळ्यांच्या भरभराटीच्या काळांत एखादा मालक स्वतःच नाटक लिही, स्वतःच तालीम घेई आणि प्रयोगाच्या रात्रीं गल्ल्यावरहि नजर ठेवी. त्याचेंच हें यंत्रयुगांतलें रूप म्हणावयास हरकत नाहीं. चित्रपटांत शेवटचा शब्द बहुधा दिग्दर्शकाचा असतो; अमेरिकेंतील मालिकांत तो बहुशः लेखकाचा असतो, ही गोष्ट लेखणीवर प्रेम करणाऱ्या कोणासहि सुखावह वाटेल. परंतु हा मान लेखकास कोणीं आपण होऊन दिलेला नाहीं.

'शोरनर' हा शब्द प्रचारांत येण्याच्या कितीतरी आधीं रॉड सर्लिंग या अमेरिकन लेखकानें हा अधिकार मिळविला. तो त्यास कां हवासा झाला, त्यासाठीं त्यानें कशावर पाणी सोडलें आणि पुढें तो हातचा गेल्यावर त्याची काय दशा झाली, हें या महिन्याच्या सदरांत सांगण्याचा विचार आहे. त्याच्या 'द ट्वायलाइट झोन' या मालिकेचें नांव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कानांवरून गेलें असेल. ट्वायलाइट म्हणजे संधिप्रकाश. उजेडहि नव्हे आणि अंधारहि नव्हे अशा सीमेवरचा तो प्रदेश. ज्या घरांत दिवेलागणीनंतर भुताखेतांच्या गोष्टी रंगतात तेथें ती आवडावी यांत नवल नाहीं. पण या गोष्टींचा उगम केवळ भयरसांत नाहीं; तो एका खऱ्या खुनांत आणि लेखकाच्या एका अपमानांत आहे.

सर्लिंगचा जन्म २५ डिसेंबर १९२४ रोजीं न्यूयॉर्क राज्यांतील सिराक्यूज येथें एका ज्यू कुटुंबांत झाला. बालपण त्याच राज्यांतील बिंगहॅम्टन या गांवीं गेलें. वडील दुकानदार, थोरला भाऊ रॉबर्ट पुढें विमानविद्येवर लिहिणारा नामवंत लेखक झाला. रॉड उंचीनें अवघा पांच फूट चार इंच, पण बोलका आणि हट्टी. १९४३ सालीं शाळेंतून बाहेर पडतांच तो सैन्यांत शिरला आणि हवाई छत्रीनें उतरणाऱ्या पलटणींत दाखल झाला. तेथें कांहीं काळ मुष्टियुद्धहि खेळला. १९४४ च्या अखेरीस फिलिपीन बेटांपैकीं लेटे बेटावर त्याची तुकडी जपान्यांशीं लढत होती. शिपायांसाठीं विमानांतून अन्नाच्या पेट्या खालीं टाकीत; त्यांतलीच एक अंगावर पडून त्याचा एक जिवलग मित्र मेला. ज्या अन्नानें जगावयाचें त्यानेंच मरण आणलें. दैवाची असली वांकडी चाल पुढें त्याच्या कथांतून वारंवार दिसते, आणि ती त्यानें पुस्तकांतून उचललेली नव्हती. तो स्वतः जखमी झाला, 'पर्पल हार्ट' हें पदक घेऊन परतला, आणि युद्धाचीं स्वप्नें पुढें जन्मभर त्याची झोंप मोडीत राहिलीं.

युद्धानंतर माजी सैनिकांस मिळणाऱ्या सरकारी साहाय्यावर तो ओहायो राज्यांतील अँटिऑक कॉलेजांत शिकला. आरंभीं त्यानें शारीरिक शिक्षण हा विषय घेतला होता. परंतु मनावरचें ओझें कागदावर उतरविल्यावांचून चैन पडेना, म्हणून तो साहित्याकडे वळला. १९४८ सालीं कॅरोल क्रेमर या सहाध्यायिनीशीं त्याचा विवाह झाला. संसाराला पैसे कमी पडत, तेव्हां नव्या लष्करी छत्र्यांची परीक्षा घेण्यासाठीं हा गृहस्थ पैसे घेऊन विमानांतून उड्या मारी! १९५० सालीं पदवी घेतल्यावर तो सिनसिनाटी शहरांतील एका रेडिओ-केंद्रावर लेखक म्हणून लागला. दिवसा नोकरीचें नीरस लेखन आणि रात्रीं घरीं स्वतःचीं नाटकें, असा क्रम कांहीं काळ चालला. नंतर नोकरी सोडली. नकाराच्या चिठ्ठ्या ढिगानें आल्या. उमेदवारीची ही कहाणी सर्व देशांत सारखीच असते, म्हणून ती लांबवीत नाहीं.

त्या काळीं अमेरिकन टेलिव्हिजनवर दर आठवड्यास नवनवीं स्वतंत्र नाटकें होत, आणि तीं जिवंत होत. म्हणजे स्टुडिओंत नट ज्या क्षणीं बोलत त्याच क्षणीं तीं देशांतील घराघरांत दिसत. चुकलें तर चुकलें. प्रयोग संपला कीं नाटक हवेंत विरून जाई. १२ जानेवारी १९५५ रोजीं सर्लिंगचें 'पॅटर्न्स' हें नाटक असेंच दाखविलें गेलें. एका मोठ्या कंपनींत एक तडफदार तरुण अधिकारी आणला जातो. हळूहळू त्याच्या ध्यानांत येतें कीं, ज्या वृद्ध सज्जनानें आपणास आपुलकीनें वागविलें त्याचीच जागा घेण्यासाठीं आपणास आणलें आहे, आणि कंपनीचा प्रमुख त्या वृद्धास चारचौघांत अपमान करून मोडून काढीत आहे. यांत खून नाहीं, मारामारी नाहीं. एका लांबलचक टेबलाभोंवतीं बसून होणारी माणसाची विटंबना आहे, आणि ती पाहवत नाहीं. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे टीकाकार जॅक गूल्ड यांनीं या नाटकाची मुक्तकंठानें स्तुति केली व तें पुन्हां दाखवावें असें लिहिलें. पुन्हां दाखवावयाचें म्हणजे पुन्हां करावयाचें! ९ फेब्रुवारीस तेच नट पुन्हां उभे राहिले आणि तोच प्रयोग पुन्हां झाला. त्या पहिल्या रात्रीं वाजूं लागलेला टेलिफोन पुढें थांबलाच नाहीं, असें सर्लिंग सांगे. ११ ऑक्टोबर १९५६ रोजीं त्याचें 'रेक्विएम फॉर ए हेवीवेट' झालें: मार खाऊन खाऊन निकामी झालेला, पण मनाचा निर्मळ असा एक मुष्टियोद्धा, आणि त्यास विदूषक बनवून पैसे काढूं पाहणारा त्याचा व्यवस्थापक. जॅक पॅलन्स या नटाची त्यांतील भूमिका अजून नांवाजली जाते. दोन्ही नाटकांच्या लेखनास 'एमी' पारितोषिकें मिळालीं. वयाचीं बत्तीस वर्षें पुरीं होण्याच्या आंत देशांतील पहिल्या प्रतीच्या टेलिव्हिजन-नाटककारांत त्याची गणना होऊं लागली.

आतां त्या अपमानाकडे वळूं. या नाटकांचा खर्च एखादी कंपनी सोशी आणि मधूनमधून आपल्या मालाची जाहिरात करी. नाटकाची वही आधीं तिच्या जाहिरातदारांच्या नजरेखालून जाई. 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' हा न्याय तेथें अक्षरशः चाले. सिगारेट पेटविण्याचे लायटर विकणारी कंपनी असली कीं पात्रानें दुसऱ्याजवळ काडी मागावयाची नाहीं. मोटारींची कंपनी असली कीं न्यूयॉर्कच्या देखाव्यांतून प्रतिस्पर्ध्याच्या नांवाची इमारत पुसून टाकावयाची. हे झाले हंसण्यासारखे प्रकार. परंतु १९५९ सालीं नाझी अपराध्यांच्या खटल्यावर अ‍ॅबी मान यांनीं लिहिलेलें नाटक झालें, तेव्हां त्यांत 'गॅस' हा शब्द प्रेक्षकांस ऐकूं येऊं दिला नाहीं. कारण प्रायोजक गॅसच्या व्यापाऱ्यांचा संघ होता. लक्षावधि ज्यू ज्या कोठड्यांत मारले गेले त्यांचें नांव स्वयंपाकाच्या शेगडीस बाध येऊं नये म्हणून गाळावयाचें!

सर्लिंगच्या वांट्यास जें आलें तें याहून सौम्य नव्हतें. ऑगस्ट १९५५ मध्यें एमेट टिल नांवाचा चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा शिकागोहून मिसिसिपी राज्यांत आपल्या नातलगांकडे आला होता. एका गोऱ्या स्त्रीशीं उद्धटपणें वागल्याच्या आरोपावरून त्यास रात्रीं घरांतून उचलून नेण्यांत आलें आणि अमानुषपणें ठार मारण्यांत आलें. ज्यूरींत सारे गोरे. त्यांनीं दोन्ही आरोपींस निर्दोष ठरविलें. पुन्हां खटला होऊं शकत नाहीं अशी खात्री झाल्यावर त्या दोघांनीं एका नियतकालिकाकडून पैसे घेऊन त्या कृत्याची कबुली दिली! सर्लिंगच्या मनानें पेट घेतला. खुनी मनुष्य गांवाला ठाऊक असतांना सारें गांव त्यास पाठीशीं कां घालतें, हा त्याचा प्रश्न होता. मारला गेलेला मुलगा काळा दाखविणें प्रायोजकांस रुचणार नाहीं हें जाणून त्यानें आधींच माघार घेतली आणि त्याच्या जागीं दक्षिणेंतील एक म्हातारा ज्यू सावकार योजिला.

तेवढ्यानें भागलें नाहीं. हें नाटक टिल प्रकरणावर आहे अशी बातमी फुटली, दक्षिणेंतील गोऱ्यांच्या संघटनांकडून निषेधाचीं पत्रें आलीं, आणि मालावर बहिष्कार पडेल या भीतीनें प्रायोजकांचा धीर सुटला. गांव दक्षिणेंतून उचलून देशाच्या अगदीं दुसऱ्या टोंकास, न्यू इंग्लंडमध्यें नेण्यांत आलें. सावकाराचा कोठलासा अनामिक परदेशी झाला. खुनी मनुष्य हा मुळांत चांगला, क्षणभर वाट चुकलेला मुलगा ठरला. दुकानांतील कोका-कोलाच्या बाटल्यासुद्धां काढविल्या. कां, तर त्या पाहून कोणास दक्षिणेची आठवण होईल! २५ एप्रिल १९५६ रोजीं 'नून ऑन डूम्सडे' या नांवाखालीं जें दाखविलें गेलें त्यांत मूळच्या खुनाचें कांहींच उरलें नव्हतें. सर्लिंगनें हट्ट सोडला नाहीं. दोन वर्षांनीं तीच वस्तु घेऊन त्यानें 'अ टाउन हॅज टर्न्ड टु डस्ट' लिहिलें. तेंहि पुन्हां असेंच धुवून निघालें आणि १९ जून १९५८ रोजीं दिसलें तेव्हां काळ एकोणिसाव्या शतकांत गेला होता व मेलेला मुलगा मेक्सिकन झाला होता. याच काळांत अमेरिकेच्या सिनेट सभेवर त्यानें एक नाटक लिहिलें होतें, त्यांतील सभासदांस चालू राजकारणाचा एकहि खरा प्रश्न बोलूं दिला नाहीं. त्यावर त्यानें लिहून ठेवलें कीं, हें नाटक आणखी शंभर वर्षांनंतरच्या काळांत घालून सभासदांच्या जागीं यंत्रमानव बसविले असते तर मला अधिक मोकळेपणानें बोलतां आलें असतें. हें तो चिडून, थट्टेनें म्हणाला होता. पण त्या थट्टेंतच त्यास वाट सांपडली.

मराठी वाचकांस ही वाट नवी नाहीं. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ची येथें आठवण झाल्यावांचून राहात नाहीं. १९०७ सालीं रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकांत लॉर्ड कर्झनचें नांव कोठेंहि नव्हतें. विराटनगरी होती, सैरंध्री होती, कीचक होता. तरी प्रेक्षागृहांतील शेवटच्या रांगेंतील मनुष्यासहि कीचक कोण आणि सैरंध्री कोण हें सांगावें लागलें नाहीं. सांगावें लागलें नाहीं म्हणूनच सरकारनें १९१० सालीं तें बंद पाडलें. जें उघड बोलतां येत नाहीं तें पुराणांतल्या पात्रांकडून बोलवावें, ही युक्ति आपल्याकडे अशी कसास लागलेली आहे. अमेरिकेंत पुराणें नाहींत. सर्लिंगनें पुराणांऐवजीं भविष्यकाळ, परग्रह आणि अद्भुत यांचा आश्रय केला.

२ ऑक्टोबर १९५९ रोजीं 'द ट्वायलाइट झोन'चा पहिला भाग सी.बी.एस. या संस्थेनें दाखविला. त्याच्या दहा दिवस आधीं माईक वॉलेस या मुलाखतकारानें त्यास तोंडावर विचारलें होतें कीं, म्हणजे आतां तुम्हीं कांहीं महत्त्वाचें लिहिण्याचा नाद सोडला ना? सर्लिंगनें शांतपणें सांगितलें कीं, चालू सामाजिक प्रश्नांत शिरणें हें महत्त्वाचें लेखन असेल, तर होय, तें मी करणार नाहीं. मला आतां भांडावयाचें नाहीं. ही मुलाखत आजहि पाहावयास मिळते. तो एकामागून एक सिगारेट ओढतो, आणि त्याचें बोलणें ऐकून तो खरोखरच थकला आहे कीं प्रायोजकांस बेसावध ठेवीत आहे, हें कळत नाहीं. आमच्या मतें दोन्ही.

या वेळीं मात्र त्यानें करार निराळा केला होता. कयुगा नांवाच्या सरोवरावर त्याचें कुटुंब उन्हाळा घालवी. त्याच नांवाची निर्मिति-संस्था त्यानें काढली, मालिकेंत मालकीचा वांटा घेतला, आणि तो स्वतः तिचा कार्यकारी निर्माता झाला. नाटकाची वही दुसऱ्याच्या हातीं देऊन दारांत उभा राहणारा लेखक आतां घराचा यजमान झाला. पण यजमानपणाचा भार काय असतो! पहिल्या वर्षांतील छत्तीस भागांपैकीं अठ्ठावीस त्यानें एकट्यानें लिहिले. पांच हंगामांत मिळून १५६ भाग झाले. त्यांतले ९२ त्याचे. तो सकाळीं लवकर उठून यंत्रावर तोंडानें संहिता सांगे, पात्रांचे आवाजहि काढी, आणि मग ती टंकलिखित होई. उरलेलें काम वांटून देण्याची दृष्टि त्याच्या ठायीं होती. नट, नेपथ्य, चित्रीकरण यांची व्यवस्था पहिलीं तीन वर्षें बक हॉटन या कुशल निर्मात्याकडे होती. इतर कथा मुख्यतः रिचर्ड मॅथेसन आणि चार्ल्स बोमाँट यांच्या. आणि प्रत्येक भागाच्या आरंभीं खुद्द सर्लिंगचा आवाज येई. दुसऱ्या वर्षापासून तर तो काळा सूट घालून, ओठ न हालवितां बोलल्यासारखा, दृश्यांत येऊन उभा राहूं लागला. आपला सूत्रधारच तो.

जाहिरातदार अगदींच गेले नव्हते. एका भागांत १९४२ मधील ब्रिटिश जहाजावरचे अधिकारी चहा मागतात असें होतें. प्रायोजक कॉफीवाले, त्यांनीं चहा मागण्यास हरकत घेतली! परंतु चहापुरतें भांडण राहिलें हीच मोठी गोष्ट. 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' हा मार्च १९६० मधील भाग घ्या. एका सुखवस्तु गल्लींत संध्याकाळीं एकाएकीं दिवे जातात, मोटारी चालेनाशा होतात. आपल्यांत कोणीतरी परग्रहावरचा शत्रु आहे असा संशय एका मुलाच्या बोलण्यानें शिरतो. आणि कालपर्यंत एकमेकांच्या अंगणांत बसणारे शेजारी कोणाची गाडी कां सुरू झाली, कोण रात्रीं आकाशाकडे कां पाहतो, याचे हिशेब मांडूं लागतात. टिल प्रकरणांत सर्लिंगला जो प्रश्न विचारावयाचा होता, कीं गांव गांवासारखें वागतें म्हणजे काय करतें, तो येथें पुरता विचारलेला आहे. प्रायोजकांनीं एक ओळहि गाळली नाहीं. त्यांस ती परग्रहावरील शत्रूची गोष्ट वाटली असावी.

यावर कोणी म्हणेल, मग सोंगानें जिंकलें काय? 'कीचकवध' सरकारला कळला म्हणून बंद झाला. सर्लिंगचीं नाटकें प्रायोजकांस कळलीं नाहींत म्हणून चाललीं. जें कोणासहि न दुखवितां निघून जातें त्याचा उपयोग काय? मेपल स्ट्रीट पाहून मिसिसिपींतील एखाद्या ज्यूरीला आपला चेहरा त्यांत दिसला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. त्यानें ती चवीनें पाहिली असेल आणि तो सुखानें झोंपला असेल. सोंगाचा हा दोष खरा आहे, आणि एमेट टिलचें नांव घेऊन त्याचें नाटक झालें असतें तर त्याची सर कोणत्याहि परग्रहाला आली नसती. तथापि दुसरी बाजूहि पाहावी. एप्रिल १९६० मध्यें सर्लिंगनें 'द बिग टॉल विश' नांवाचा भाग लिहिला: एक उतरत्या वयाचा मुष्टियोद्धा आणि त्याच्यासाठीं देवाजवळ मागणें मागणारा शेजारचा एक लहान मुलगा. त्यांतील प्रमुख पात्रें कृष्णवर्णीय होतीं, आणि त्यांच्या वर्णाचा उल्लेख नव्हता. साध्या माणसांसारखीं माणसें म्हणून तीं आलीं. चार वर्षांपूर्वीं ज्या मुलास मेलेला म्हणूनसुद्धां पडद्यावर जागा नव्हती, तसाच एक मुलगा अर्धा तास देशाच्या घराघरांत जिवंत बसला होता. मालकी हातीं नसती तर हें त्यास साधतें ना. आणि २७ मार्च १९६४ च्या भागांत तर सोंग जवळजवळ उतरलेंच. फांशीच्या दिवशीं एका गांवावर सूर्य उगवत नाहीं. लोकांच्या मनांतील द्वेषाचाच तो काळोख असतो, आणि रेडिओ सांगतो कीं तसाच काळोख बर्मिंगहॅमवर आणि डॅलसमधील एका रस्त्यावर पडला आहे. केनेडींचा वध होऊन तेव्हां चार महिने झाले होते.

सारेच भाग या योग्यतेचे आहेत असें समजूं नये. ९२ संहिता लिहिणाऱ्याच्या कांहीं संहिता घाईच्या असणारच. पात्रांच्या तोंडीं व्याख्यानें घालण्याची खोड त्यास होती. चौथ्या हंगामांत भाग तासाभराचे केले, तेव्हां कथा पातळ झाल्या. १९६४ सालीं मालिका बंद झाली तेव्हां तो स्वतः थकून गेला होता. त्यानंतर त्यानें आपला मालकीचा वांटा सी.बी.एस.ला विकून टाकला. खर्च भरून निघणार नाहीं, असा हिशेब होता. पुढें पुनःप्रक्षेपणांवर त्या संस्थेनें अपार पैसा मिळविला. त्यांतील हिस्सा सर्लिंगच्या घरीं गेला नाहीं.

मालकी गेल्यावरचीं अकरा वर्षें वाचतांना मन खिन्न होतें. चित्रपटांत त्यास यश होतें. १९६८ च्या 'प्लॅनेट ऑफ द एप्स'च्या संहितेवर मायकेल विल्सनबरोबर त्याचें नांव आहे. पण टेलिव्हिजनवर एकामागून एक निराशा. १३ डिसेंबर १९६६ रोजीं त्याचा 'द डूम्सडे फ्लाइट' हा चित्रपट एन.बी.सी.नें दाखविला. विमानांत ठेवलेला बाँब ठराविक उंचीच्या खालीं येतांच फुटेल, अशी ती गोष्ट. ती दाखवितांच विमान कंपन्यांना तशाच धमक्या येऊं लागल्या; १९७१ सालीं ऑस्ट्रेलियांत हीच युक्ति वापरून एका भामट्यानें क्वांटस कंपनीकडून पांच लक्ष डॉलर उकळले. त्या विमानांत बाँब नव्हताच. सर्लिंगनें जाहीरपणें सांगितलें कीं, ही गोष्ट मीं लिहावयास नको होती. ज्या लेखकास एकेका शब्दासाठीं इतरांनीं अडविलें, त्यास स्वतःच आपल्या लेखनास बंदी घालावीशी वाटावी! यावरून प्रायोजकांचें बरोबर होतें असें मात्र कोणी अनुमान काढूं नये. त्यांनीं अडविलें तें लोकांच्या जिवासाठीं नव्हे.

१९७० ते १९७३ पर्यंत 'नाइट गॅलरी' ही मालिका चालली. तिच्या जाहिरातींत सर्लिंगचें नांव, आरंभीं त्याचा चेहरा, त्याचा आवाज. अधिकार मात्र निर्माते जॅक लेअर्ड यांचा. सर्लिंगच्या संहिता परत येऊं लागल्या, आणि दोन गंभीर कथांच्या मध्यें फाजील विनोदाचे तुकडे घातले जाऊं लागले. त्यांस उद्देशून तो नांवें ठेवी, पण त्याचें चालत नसे. पहिल्या मालिकेंत तो पडद्याआडचा कर्ता असून पुढें येऊन उभा राही. दुसरींत नुसता पुढें उभा होता. सूत्रधाराच्या हातांतून सूत्र काढून घ्यावें आणि नांदीपुरतें त्यास बोलवावें, तसें झालें. तरीहि याच मालिकेंत जानेवारी १९७१ मध्यें 'दे आर टेअरिंग डाउन टिम रायलीज बार' हा भाग त्यानें लिहिला. पंचवीस वर्षें एका कंपनींत घालविलेला विधुर विक्रेता. त्याच्या तारुण्यांतील आनंदाचें ठिकाण पाडलें जात आहे आणि कचेरींत त्याची जागा घेणारा तरुण तयार आहे. 'पॅटर्न्स'मधील वृद्धाकडे बाहेरून पाहणारा लेखक येथें त्या वृद्धाच्या जागीं येऊन बसला आहे. वय वर्षें शेचाळीस!

पैशासाठीं त्यानें जाहिरातींनाहि आवाज दिला. बीअरची भलावण केली. यावरून त्यास ढोंगी म्हणणारे म्हणोत. तो शेवटचीं वर्षें इथाका कॉलेजांत तरुणांना नाट्यलेखन शिकवीत असे. सिगारेट सुटली नाहीं. २८ जून १९७५ रोजीं रॉचेस्टर येथें हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर, पन्नासाव्या वर्षीं त्यास मृत्यु आला. सहा 'एमी' पारितोषिकें त्याच्या नांवावर आहेत, आणि पुढें १९८५, २००२ व २०१९ सालीं, तीन वेळां, इतरांनीं त्याच्या मालिकेचा नवा अवतार काढला.

ज्या घरांत हे भाग पाहण्याची सोय आहे त्यांनीं आरंभ कोठून करावा, असें विचारल्यास आम्ही 'मेपल स्ट्रीट'पासून करावा असें म्हणूं. घरांतील शाळकरी मुलांनींहि तो पाहण्यास हरकत नाहीं. वडील मंडळींनीं 'वॉकिंग डिस्टन्स' पाहावा: बालपणींच्या गांवीं पायीं परत जाणाऱ्या थकलेल्या मनुष्याची ती गोष्ट आहे, आणि तिच्यांतील फिरत्या लांकडी घोड्यांमागें बिंगहॅम्टनचें उद्यान आहे. 'आय ऑफ द बिहोल्डर' हा भाग मात्र सर्वांनीं एकत्र बसून, मध्यें न उठतां पाहावा. आणि ज्यानें तो पूर्वीं पाहिला असेल त्यानें शेवट होईपर्यंत तोंडांतून अक्षर काढूं नये.